तुटवड्याची वाटणी : बागलाणच्या फडापासून ओझरच्या पाणी संस्थांपर्यंत

आजचा विषय पत्रिकेवर ‘नैसर्गिक संसाधनं आणि उपजीविका’ असा छापला आहे. विषय मोठा आहे, आणि एका संध्याकाळी तो सगळा काही मावणार नाही. म्हणून आम्ही तो नाशिक जिल्ह्यापुरता आणि पाण्यापुरता आखडता घेतला आहे. आम्ही काही जण जिल्ह्यातल्या जुन्या बंधाऱ्यांवर, कालव्यांवर फिरत असतो, जुने कागद वाचत असतो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. पाणी भरपूर असतं तेव्हा वाटणीचा प्रश्नच येत नाही. पाटाच्या तोंडाशी असलेला घेतो आणि खालच्यालाही मिळतं. खरी परीक्षा कमी पावसाच्या वर्षी. त्या वर्षी वाटायचा असतो तो तुटवडा. कोणाचं शेत कोरडं राहणार, हे कोणी ठरवायचं, कधी ठरवायचं आणि कोणाच्या तोंडावर सांगायचं? आपल्या जिल्ह्याचा पाण्याचा इतिहास आम्ही या एका प्रश्नाच्या मागे लागून वाचतो.

आधी भूगोल. आपल्याकडे इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेकडे येवला, नांदगाव, मालेगावला पाचशे-सहाशेच्या आसपास. सह्याद्रीच्या कड्यावर ढग रिकामे होतात आणि पलीकडच्या गावांना नुसता वारा मिळतो. पण नद्या मात्र पूर्वेकडे वाहतात. म्हणजे पडणारा पाऊस एकीकडे, आणि त्याच पावसाचं वाहतं पाणी दुसरीकडे. जिल्ह्यातली शेती या वाहत्या पाण्यावर उभी राहिली.

आता बागलाणात जाऊ. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतून मोसम येते, सटाण्यावरून आरम जाते. दोन्ही गिरणेला मिळतात आणि गिरणा पुढे तापीला. शेजारच्या धुळे जिल्ह्यातली पांझराही तापीचीच. या नद्यांवर, पात्रात जिथे खडक उघडा पडतो तिथे, दगड-चुन्याचे बुटके बंधारे बांधलेले दिसतात. एकाखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. वरच्या बंधाऱ्यातून जे पाझरलं, सांडलं, ते खालच्याला. बंधाऱ्याच्या बाजूने पाट निघतो, पाटाला चाऱ्या, आणि चाऱ्यांवर शेतं. ही सगळी रचना तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाते. आपण तिला फड पद्धत म्हणतो.

फड म्हणजे नेमकं काय? एका बंधाऱ्याखाली जेवढी जमीन भिजू शकते तिला थळ म्हणायचं. थळाचे मोठे तुकडे पाडायचे, ते फड. लहान फड दहा हेक्टरचा, मोठा दोनशेपर्यंतचा. आता यातली गंमत बघा. फडाला गावाचा बांध आहे, पण फड एका मालकाचा नाही. एका फडात अनेकांची शेतं, आणि एकाच शेतकऱ्याची शेतं एकाहून जास्त फडांत. आणि नियम असा की एका फडात एकच पीक. या वर्षी हा फड उसाचा, तो गव्हाचा, पलीकडचा हरभऱ्याचा. पुढच्या वर्षी पाळी बदलते. कोणत्या फडात काय, हे हंगामाच्या आधी गावाने बसून ठरवायचं.

आणि पाऊस कमी झाला तर? तर एखादा फड पडीक ठेवायचा. आता समजा थळाचे चार फड आहेत आणि पाणी तीनच फडांचं आहे. चौथा फड सोडला, तर त्या फडात ज्यांची शेतं आहेत त्यांचं नुकसान. पण त्यांचीच शेतं बाकीच्या फडांतही आहेत. म्हणजे नुकसान प्रत्येकाचं थोडं थोडं झालं, कोणाची चूल पूर्ण विझली नाही. यात दुसराही एक हिशेब होता. एका जागी एकच पीक असल्यामुळे सगळ्या फडाला पाणी एकाच वेळी लागतं; पाटकऱ्याला आज इथे उद्या तिथे पळावं लागत नाही आणि पाणी वाटेत मुरून कमी होत नाही. पिकांची फेरपालट होते म्हणून जमिनीचा कस राहतो. उसाचा फड दरसाल तोच नसल्यामुळे जमीन चिबड होत नाही, खारवत नाही.

माणसांची व्यवस्था कशी होती, तेही सांगितलं पाहिजे. देखरेखीला पंच. त्यांच्या हाताखाली हवालदार, पाटकरी, जागल्या. पाणी शेतात सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः जाऊन बारं फोडायचं नाही. जमीन पाटलाची असो की लहान कुळाची, पाटकरी फडाच्या क्रमाने जाणार. जागल्या चोरांपासून, गुराढोरांपासून पीक राखणार. हवालदार या सगळ्यांवर लक्ष ठेवणार. त्यांचा मेहनताना सुगीला धान्याच्या रूपाने. पाटातला गाळ लाभधारकांनी मिळून काढायचा, बंधाऱ्याची डागडुजी मिळून करायची. म्हणजे या पाण्यावर नुसतं पीक नव्हतं. राखणदाराचं पोट होतं, पाटकऱ्याचं घर होतं. आपल्या विषयात ‘उपजीविका’ हा शब्द आहे ना, तो इथे असा दिसतो.

पण थांबा. जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणत नाही. ज्याची जमीन थळात नाही त्याचा या पाण्यावर हक्क नव्हता. राखणीचं काम करणारा राखणदारच राहिला, पंचात बसला नाही. बायका शेतात राबल्या, बैठकीत नव्हत्या. नदीच्या उगमाकडे डोंगरात राहणाऱ्या आदिवासी पाड्यांना या हिशेबात जागाच नव्हती. तेव्हा फड म्हणजे काही सगळ्यांची समता नव्हे. पण ज्यांना त्यात जागा होती, त्यांच्यापुरता तुटवडा कोणा एकावर ढकलला जात नव्हता. आम्हाला त्यातली एवढीच गोष्ट मोलाची वाटते, आणि ती लहान नाही.

मग इंग्रज आले. नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ साली छापलं गेलं, त्यात बंधाऱ्यांच्या पाण्यावरच्या या बागायतीची नोंद आहे. त्याच्या चार वर्षं आधी, १८७९ साली, मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. नद्यांच्या पाण्यावर सरकारचा अधिकार, पाणी हवं तर सरकारकडे मागायचं आणि पट्टी भरायची, ही चौकट त्यातून पक्की झाली. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण इंजिनिअर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला आणि सुरुवातीच्या काळात नाशिक-खानदेशात काम करू लागला. पांझरेच्या खोऱ्यातल्या पाटाचं पाणी नळातून ओढ्याच्या पलीकडे नेण्याचं काम त्यांनी तरुणपणी केलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. ठरावीक जमिनीचा ब्लॉक पाडायचा, त्यातल्या ठरलेल्या हिश्श्यातच ऊस, बाकीत भुसार. फड माहीत असलेल्या माणसाला हे ऐकून ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की ब्लॉक मंजूर करणार सरकार आणि फड ठरवणार गाव.

हा ‘एवढाच’ फरक पुढे फार वाढला. १९११ च्या सुमारास गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला, १९१६ साली दारणा धरण झालं, गिरणेवर चणकापूर झालं. स्वातंत्र्यानंतर गंगापूर झालं, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. या धरणांनी लाखो लोकांना पाणी दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज आपण ज्या शहरात बसलो आहोत ते गंगापूरचं पाणी पितं. पण जुन्या बंधाऱ्यांचं काय झालं ते पाहा. बंधाऱ्याला लागायचं नदीचं वाहतं पाणी. वर धरण झालं की नदी वाहायची थांबते आणि ‘आवर्तन’ सुरू होतं. आवर्तन कधी सोडायचं ते ठरतं कार्यालयात. गावाच्या पंचांपुढे ठरवण्यासारखं उरलं काय? शिवाय विहिरी वाढल्या, त्यांवर विजेच्या मोटारी आल्या. ज्याची मोटार त्याला फडाच्या पाळीची वाट बघायची गरज राहिली नाही. साखर कारखाने आले, उसाला पैसा मिळू लागला. मग ‘या वर्षी तुमच्या फडात ऊस नाही’ हे ऐकून कोण घेणार? वाटण्या होत होत शेतांचे तुकडे इतके लहान झाले की चार फडांतला हिस्सा एकाच फडात आला. फड कोणी मोडला असं म्हणता येत नाही. एकेकाने आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतला आणि सगळ्यांचं मिळून जे होतं ते राहिलं नाही.

आता नदी बदलू. बागलाण सोडून दिंडोरीत येऊ, कारण गोष्टीचा पुढचा भाग तिथला आहे. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्याचं शेवटचं टोक येतं निफाड तालुक्यात ओझरजवळ. ओझर तुम्हाला विमानाच्या कारखान्यासाठी माहीत आहे. पण १९८० च्या दशकात ओझरचा शेतकरी म्हणजे कालव्याच्या टेलचा शेतकरी. कालवा कागदावर त्याच्या शेतापर्यंत येत होता, पाणी मात्र येत नव्हतं. वरचे आपल्या शेतांना भरपूर पाणी देत. खाली येईपर्यंत कालवा कोरडा. नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा, मंजुरीची वाट बघायची आणि शेवटी आभाळाकडे बघायचं.

तिथे समाज परिवर्तन केंद्र या संस्थेने काम सुरू केलं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे ही त्यातली प्रमुख नावं. त्यांनी खात्याला वेगळीच मागणी केली. ‘आमच्या शेताला पाणी द्या’ असं न म्हणता ते म्हणाले, ‘आमच्या वाट्याचं पाणी मोजून एका ठिकाणी आमच्या हवाली करा, पुढे कोणाला किती ते आम्ही बघतो.’ १९९०-९१ च्या सुमारास टेलवर तीन सहकारी पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या : महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. पाटबंधारे खात्याशी करार झाला. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून. पट्टी संस्थेने गोळा करायची आणि खात्याला भरायची. चाऱ्यांची निगा संस्थेची.

ऐकायला हे कारकुनी वाटतं, पण त्याचा परिणाम शेतात दिसला. पूर्वी पट्टी पिकावर आणि क्षेत्रावर लागायची. शेतकऱ्याने जास्त पाणी घेतलं काय, कमी घेतलं काय, पट्टी तीच. त्यामुळे पाणी वाचवण्याचं कारणच नव्हतं. पाणी मोजून मिळू लागलं तेव्हा वाचवलेलं पाणी आपलं झालं. त्या पाण्यात कोणी जास्त क्षेत्र भिजवलं, कोणी द्राक्ष लावलं, कोणी भाजीपाला. बाणगंगा नदीवर जुने बंधारे होते, त्यांची दुरुस्ती करून त्यांत कालव्याचं पाणी सोडलं, म्हणजे आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळाला. कालव्याचं पाणी आणि विहिरीचं पाणी एकाच हिशेबात बघायला ओझरकर शिकले. टेलवर हे जमतंय म्हटल्यावर वरचेही पुढे आले. हळूहळू वाघाडच्या लाभक्षेत्रात २४ संस्था झाल्या, २००३ साली त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था झाली, आणि अख्ख्या प्रकल्पाचं सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, तेव्हा त्याच्यामागे ओझरचा अनुभव होता. या कायद्यात एक गोष्ट फार चांगली आहे. संस्थेच्या संचालक मंडळावर हेड, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी असले पाहिजेत, आणि महिलाही असल्या पाहिजेत. म्हणजे ज्याचं शेत कोरडं राहण्याची शक्यता, तो निर्णयाच्या खोलीत बसलेला असणार.

इथे क्षणभर बाहेरच्या जगाकडे बघू. स्पेनमध्ये वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराबाहेर पाण्याची पंचायत बसते. पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेली माणसं तिथे तोंडी तक्रार ऐकतात आणि तिथल्या तिथे निवाडा देतात. ही परंपरा शेकडो वर्षं चालत आली आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने असल्या जगभरच्या व्यवस्थांचा अभ्यास केला आणि १९९० साली त्यावर पुस्तक लिहिलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सामाईक संपत्ती लोकांच्या हाती दिली की ती नासतेच असं नाही, आणि सरकारच्या किंवा खासगी मालकाच्या हाती दिली की वाचतेच असंही नाही. वापरणाऱ्यांनी नियम बनवले, वापरणाऱ्यांनीच राखण केली, मोडणाऱ्याला जवळच्या जवळ जाब विचारला, तर ती टिकते. ऑस्ट्रॉमबाईंचं नाव न ऐकलेल्या बागलाणच्या जागल्याला यातलं नवीन काही वाटलं नसतं.

आता फड आणि ओझर शेजारी ठेवा. फडात दोन गोष्टी सामाईक होत्या : पाणी आणि पीक. ओझरने पाणी सामाईक ठेवलं आणि पीक मोकळं सोडलं. हे काळाला धरून होतं. आजच्या शेतकऱ्याला ‘तू हरभराच लाव’ असं कोण सांगू शकेल? पण त्या मोकळेपणाला किंमतही आहे. द्राक्षाची बाग म्हणजे वर्षानुवर्षांची गुंतवणूक. एखादं वर्ष कोरडं गेलं म्हणून ती पडीक ठेवता येत नाही. हरभऱ्याचा फड सोडता येतो, द्राक्षाचा वेल नाही. डाळिंबाचं तेच. बागलाणात डाळिंबाने घरं उभी केली, आणि तेल्या रोग आला तेव्हा बागा उपटायचीही वेळ आणली. जेवढं पीक मोलाचं, तेवढी तुटवडा सोसायची ताकद कमी. मग शेतकरी काय करतो? बोअर घेतो. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं करतो, आणि पुष्कळदा ते पावसाने नाही, विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरतो. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी उचलून आपल्या बांधात कुलूपबंद केलं, असंच ते झालं. त्याला दोष द्यायला आम्ही इथे उभे नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि बागेला टँकरने पाणी घालण्याची भीती आहे. पण शेजारच्याची विहीर त्यामुळे दोन महिने आधी आटली, हेही खरं आहे. हा तुटवडा वाटला गेला नाही, ढकलला गेला.

राज्यात २००९ चा भूजल कायदा आहे. अधिसूचित क्षेत्रात पाणी किती आहे ते बघून वापराचा आणि पिकांचा आराखडा करावा, असं तो म्हणतो. बघा, फडाची जुनी बैठकच कायद्याच्या भाषेत परत आली. शब्द आले, पंच यायचे बाकी आहेत.

शेवटचा मुद्दा थोडा टोचणारा आहे, आणि तो नाशिककरांनी नाशिकमध्येच ऐकायला हवा. ओझरचा शेतकरी वाघाड कालव्याचा टेल आहे. पण गोदावरीच्या खोऱ्यात आपण सगळे हेड आहोत. टेल आहे पैठणला, जायकवाडीच्या नाथसागराखाली. २००५ च्याच जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ साली त्याचा हिशेब मांडला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवलं. आणि पाणी सोडायची वेळ आली की आपण काय करतो? आपण धरणावर आंदोलन करतो. ‘आमच्या हक्काचं पाणी पळवलं’ म्हणतो. नेमकं हेच वाक्य १९८५ साली ओझरचा टेलवाला वरच्या गावांबद्दल म्हणत असणार.

नाशिकच्या शेतकऱ्याचं म्हणणं खोटं आहे असं नाही. त्याच्याही बागा आहेत, त्याच्याही शहराला तहान आहे, आणि ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या ते तर याच तालुक्यांतले. जायकवाडीखाली ऊस किती लावायचा हाही प्रश्न विचारला पाहिजे. पण तो विचारायचा तर आपल्या द्राक्षाचा, आपल्या उसाचा आकडाही त्याच टेबलावर ठेवावा लागेल. आज खोऱ्यात अशी बैठक नाही. समिती आहे, न्यायालय आहे, पोलीस बंदोबस्तात उघडलेले दरवाजे आहेत. पेरणीआधी हेड आणि टेल एका ठिकाणी बसून ‘या वर्षी कोणता फड सोडायचा’ असं विचारतील, अशी जागा नाही.

साडेतीनशे वर्षांपूर्वी मोसमकाठच्या पंचांना जे एका थळापुरतं जमलं, १९९१ मध्ये ओझरकरांना जे एका कालव्यापुरतं जमलं, ते एका खोऱ्यापुरतं जमेल का, आम्ही सांगू शकत नाही. पण या दोन गोष्टींवरून एक मात्र दिसतं. सुरुवात दोन्ही वेळा सारखीच झाली : पाणी किती आहे ते सगळ्यांसमोर मोजलं, आणि तुटवड्यातला आपला वाटा आधी कबूल केला. यंदाच्या ऑक्टोबरमध्ये धरणांचे आकडे वर्तमानपत्रात येतील, तेव्हा गंगापूरच्या आकड्याशेजारी जायकवाडीचा आकडाही वाचा. एवढी विनंती करतो आणि थांबतो.